वस्ताद कुठून यायचे?



महाराष्ट्रात कुस्ती म्हटली की कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे ही नावं निघायची. खानदेशचं नाव त्यात कोणी घेत नसे. २०१४ साली अहमदनगरच्या मैदानात चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरींनी महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या कुस्तीशौकिनांनी एकमेकांना विचारलं असेल, हे सायगाव कुठं आलं? पुढच्या वर्षी नागपूरला तोच पहिलवान, तीच गदा. २०१६ साली पुण्याजवळ वारज्याला पुण्याच्याच अभिजित कटकेला हरवून तिसरी गदा. सलग तीन वेळा हा मान त्यांच्या आधी फक्त नरसिंग यादवला मिळाला होता. गणपत खेडकर, चंबा मुत्नाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार, चंद्रहार पाटील, एकेकाचं नाव घेतलं तरी माती अंगावर आल्यासारखी वाटते, ही मोठी माणसं सलग दोन गदांवर थांबली. आपला माणूस तिसऱ्यापर्यंत गेला.

पुढे राज्य सरकारनं त्यांना पोलीस उपअधीक्षक केलं. वर्दी अंगावर आल्यावरही त्यांनी लंगोट सोडला नाही. २०२३ साली कॅनडात विनिपेग इथं पोलीस आणि अग्निशमन दलांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक घेतलं.

हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या विजयाच्या मिरवणुकीत नाचलेले काही जण इथंही बसले असतील. मग पुन्हा का सांगतो? ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्या सरांच्या कपाटात कधी स्वतःचा चषक दिसला नाही. त्यांनी पोरं उभी केली. त्यांच्या नावानं बोलताना विजेत्यावर थांबणं मला योग्य वाटत नाही. विजेत्याच्या मागं कोण होतं आणि विजेत्याच्या नंतर कोण येणार, हे दोन प्रश्न मी आज मांडणार आहे. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं उत्तर खानदेशाजवळ नाही, आणि ते शोधल्याशिवाय आपल्याला गत्यंतर नाही.

२०१६ नंतरच्या गदा कुणीकडं गेल्या ते पाहा. पुण्याचा अभिजित कटके, बुलढाण्याचा बाला रफिक शेख, नाशिककडून खेळणारा हर्षवर्धन सदगीर, कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील. बुलढाणा आणि नाशिक तर आपल्या बांधाला बांध लावून आहेत. खानदेशात ताकदीची पोरं जन्माला येत नाहीत, असं कोणी म्हणू नये. तापी-गिरणेच्या काठी केळीचे घड पाठीवर घेऊन ट्रक भरणारी पोरं बघितली की अंगातल्या जोराबद्दल शंका राहत नाही. तरी एक विजय चौधरी होतो आणि त्याच्या मागून दहा होत नाहीत. असं का?

याचं उत्तर मला लातुरात सापडलं.

निलंगा तालुक्यातलं रामलिंग मुदगड हे गाव. पाण्याला महाग असलेला मुलूख. तिथले हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या मातीत तयार झाले, १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, १९७२ साली हिंदकेसरी झाले. दिल्लीच्या सतपालला अस्मान दाखवणारा हा पहिलवान. त्या काळी सतपालला पाडणं म्हणजे काय होतं, हे जुन्या माणसांना विचारा. गावोगावच्या मैदानांवर महिनामहिना तीच चर्चा चाले.

एवढं झाल्यावर बिराजदारांना काय कमी होतं? सत्कार, फेटे, जत्रांमध्ये पाहुणा म्हणून खुर्ची, कुस्ती लावताना हात मिळवून द्यायचा मान. आपल्याकडे नामांकित पहिलवानाचं उरलेलं आयुष्य बहुधा असंच जातं. बिराजदारांनी ते जाऊ दिलं नाही. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते पोरांना शिकवायला उभे राहिले. मराठवाड्यातली पोरं त्यांच्या नावानं पुण्याला येऊ लागली. बाप पोराला घेऊन यायचा, वस्तादांच्या पायावर घालायचा आणि एसटीनं परत जायचा. त्या पोरांपैकी एक काका पवार. तेही लातूरचेच. काका पवार अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचले आणि खेळून झाल्यावर वस्तादांच्याच वाटेनं गेले. पुण्यात कात्रजला त्यांनी स्वतःचं कुस्ती संकुल उभं केलं. बिराजदारांच्या हाताखालचा आणखी एक पोरगा बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा, राहुल आवारे. २०११ साली वस्ताद गेले. पोरगा अर्ध्या वाटेवर होता. तो काका पवारांकडे गेला. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं सुवर्णपदक जिंकलं आणि ते दिवंगत वस्तादांना अर्पण केलं. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य.

आता जानेवारी २०२० मधली बालेवाडीची अंतिम कुस्ती आठवा. एकीकडे हर्षवर्धन सदगीर, दुसरीकडे लातूरचा शैलेश शेळके. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम फेरीत समोरासमोर उभे असलेले दोघेही काका पवारांचे पठ्ठे! एकाच तालमीत, एकाच वस्तादाच्या नजरेखाली जोर मारणारी दोन पोरं. सदगीर जिंकला आणि त्यानं हरलेल्या शेळकेला खांद्यावर घेऊन मैदानात फिरवलं. लोक त्या दृश्यानं भारावून गेले. मलाही ते आवडलं, पण माझी नजर त्या दोघांच्या मागं उभ्या असलेल्या वस्तादांवर खिळली होती. आणि त्यांच्याही मागं, तेव्हा हयात नसलेल्या, रामलिंग मुदगडच्या माणसावर.

ही साखळी आहे. बिराजदारांनी महाराष्ट्र केसरीची एक गदा जिंकली, पण शिकवून त्यांनी पन्नास वर्षांची शेती केली. लातूर आज कुस्तीच्या नकाशावर आहे ते १९६९ च्या गदेमुळे नाही. त्या गदेचा मालक शिकवायला बसला, म्हणून आहे.

ज्या सतपालला बिराजदारांनी पाडलं, त्याचंही पुढं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. सतपालनं १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं आणि नंतर दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये पोरांना शिकवायला सुरुवात केली. तिथून सुशील कुमार निघाला, २००८ साली बीजिंगला कांस्य आणि २०१२ साली लंडनला रौप्य. योगेश्वर दत्त निघाला, लंडनला कांस्य. रवी दहिया निघाला, टोकियोला रौप्य. बघा, एकाच पिढीचे दोन मल्ल, एकमेकांशी लढलेले, दोघंही शिकवायला उभे राहिले. फरक इतकाच की सतपालच्या पाठीशी सरकारी स्टेडियम होतं, मॅट होती, पोरांना राहायला जागा होती. बिराजदारांच्या पाठीशी पुण्यातली एक जुनी तालीम आणि स्वतःचं नाव. ऑलिंपिकची पदकं छत्रसालला का आली आणि गोकुळ वस्ताद तालमीला का नाही, याची चर्चा करताना आपण पोरांच्या रक्ताबद्दल, हरियाणाच्या दुधाबद्दल बोलतो. मला ती सगळी पळवाट वाटते. वस्ताद दोन्हीकडे उत्तम होते. एका वस्तादाला व्यवस्था मिळाली, दुसऱ्याला आदर मिळाला.

आता तुम्हाला थोडं लांब नेतो. हाच प्रश्न एका वेगळ्या मातीत फार स्पष्ट दिसला आहे.

इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ प्रदेश. दक्षिण वेल्समध्ये कोळशाच्या खाणी, आणि खाणीच्या गावागावांत रग्बी. आपल्या पोरांना जशी कबड्डी तशी तिथल्या पोरांना रग्बी. अंगावर घेणं, पाडणं, निसटणं हे लहानपणापासून रक्तात. पण रग्बीचे दोन पंथ होते. १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधले क्लब जमले आणि मूळ संघटनेतून बाहेर पडले. भांडण काय होतं? शनिवारी सामन्याला गेलं की खाणीतल्या, गिरणीतल्या कामगाराची मजुरी बुडे. ती क्लबानं भरून द्यावी, एवढंच मागणं. मूळ संघटनेत साहेब लोक. खेळ पैशासाठी खेळायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं. ज्यांना मजुरी बुडण्याची भीती नव्हती त्यांनी हे म्हणणं सोपं होतं. धुळ्याच्या आणि अमळनेरच्या प्रताप मिलचा भोंगा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना बुडालेल्या पाळीची किंमत मी सांगायला नको.

उत्तरेतल्या या पंथाला पुढं रग्बी लीग म्हणू लागले. तेरा खेळाडूंचा संघ, मोकळा, वेगवान खेळ आणि खेळाडूला उघडपणे पैसा. वेल्समध्ये मात्र जुन्या, बिनपैशाच्या रग्बीचंच राज्य राहिलं. त्यामुळं झालं असं की १९२० नंतर खाणी बसल्या, घरोघर बेकारी आली, आणि वेल्सचे उत्तमातले उत्तम खेळाडू रेल्वेनं उत्तरेला जाऊ लागले. एकदा लीगचा पैसा घेतला की परतीचं दार बंद. जुन्या रग्बीत पुन्हा पाय ठेवायची मुभा नाही. ही बंदी थेट १९९५ पर्यंत टिकली. शंभर वर्षं! आईवडिलांच्या गावात, लहानपणीच्या क्लबाकडून खेळता येणार नाही, हे ठाऊक असून विशीच्या आतली पोरं गाडीत बसली.

त्यातला एक गस रिझमन. जन्म १९११, कार्डिफ. आईबाप बाल्टिक किनाऱ्यावरच्या लाटव्हियातून आलेले. १९२९ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याला सॅलफर्ड क्लबानं उचललं. पुढच्या दहा वर्षांत सॅलफर्डनं लीगचं तीनदा विजेतेपद मिळवलं, १९३८ साली रिझमनच्या नेतृत्वाखाली वेंब्लीच्या मैदानावर लीगचा चॅलेंज कप जिंकला. १९३२, १९३६ आणि १९४६ असे तीन ऑस्ट्रेलिया दौरे त्यानं ब्रिटनच्या संघातून केले. तिसऱ्या दौऱ्यात तो कर्णधार होता. महायुद्ध नुकतंच संपलेलं, प्रवासी बोटी नाहीत, म्हणून संघ इंडॉमिटेबल नावाच्या विमानवाहू युद्धनौकेतून गेला. तो संघ ऑस्ट्रेलियात एकही कसोटी न हरता परतला. पूर्वी कुठल्याच ब्रिटिश संघाला ते जमलं नव्हतं.

इथपर्यंतची गोष्ट मोठ्या खेळाडूची आहे, आणि मोठे खेळाडू पुष्कळ झाले. मला रिझमन हवा आहे तो यापुढचा.

दौरा संपला तेव्हा तो पस्तीस वर्षांचा. रग्बीत पस्तिशी म्हणजे निवृत्तीचंच वय. त्याच वेळी इंग्लंडच्या वायव्य टोकाला, समुद्रकाठच्या वर्किंग्टन नावाच्या कोळशाच्या आणि पोलादाच्या गावात एक नवा क्लब निघाला होता. १९४५ साली तो लीगमध्ये आला. गाव आडबाजूचं, क्लब नवखा, नाव कुणाला माहीत नाही. त्या क्लबानं एक शहाणपण केलं. त्यांनी रिझमनला बोलावलं आणि फक्त खेळाडू म्हणून ठेवलं नाही. खेळाडू आणि व्यवस्थापक, दोन्ही. संघ निवडायचा त्यानं, सराव घ्यायचा त्यानं, आणि शनिवारी स्वतः मैदानातही उतरायचं. पोरं शिकत होती ती समोर खेळणाऱ्याकडून. सकाळी सांगितलेला पवित्रा दुपारी त्यानं स्वतः करून दाखवायचा.

१९५१ साली वर्किंग्टन लीगचं विजेतं झालं. सहा वर्षांचा क्लब! १९५२ साली वेंब्लीवर चॅलेंज कपचा अंतिम सामना, समोर फेदरस्टोन रोव्हर्स. या कपाचा दूरदर्शनवर दाखवलेला तो पहिला अंतिम सामना. वर्किंग्टन जिंकलं आणि कप घ्यायला पुढं आला तो एकेचाळीस वर्षांचा कर्णधार रिझमन. कारकिर्दीत ८७३ सामने, ४,०५२ गुण. पुढं सॅलफर्ड, ओल्डहॅम आणि नव्यानं उभ्या केलेल्या ब्रॅडफर्ड नॉर्दर्न या क्लबांना त्यानं शिकवलं. मुलगा बेव्ह रिझमन याच खेळात ब्रिटनचा कर्णधार झाला.

कार्डिफचाच जिम सलिव्हन त्याच्या थोडा आधीचा. सतराव्या वर्षी विगनला गेला, पाव शतक खेळला, तिथंच शिकवायला लागला आणि मग शेजारच्या सेंट हेलेन्सला १९५६ साली त्यांचा पहिला चॅलेंज कप मिळवून दिला. आणि नंतरचा क्लाइव्ह सलिव्हन, तोही कार्डिफचा, कृष्णवर्णीय. लहानपणी पायांवर इतक्या शस्त्रक्रिया झाल्या की हा नीट चालेल का अशी शंका होती. १९७२ साली तो ब्रिटनच्या संघाचा कर्णधार म्हणून विश्वचषक घेऊन आला. कुठल्याही खेळात ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार तो. हल शहरातल्या दोन्ही क्लबांकडून खेळला, नंतर शिकवलंही. बेचाळिसाव्या वर्षी कर्करोगानं गेला, तेव्हा हल शहरात येणाऱ्या मोठ्या रस्त्याला त्याचं नाव दिलं गेलं.

२०२३ साली कार्डिफच्या बंदरावर या मुलखातून उत्तरेला गेलेल्या तिघांचा पुतळा उभा राहिला: बिली बोस्टन, क्लाइव्ह सलिव्हन आणि गस रिझमन. रिझमनला जाऊन तेव्हा जवळजवळ एकोणतीस वर्षं झाली होती. पुतळा छान आहे, उशिरा का होईना, गावानं आपली माणसं ओळखली. पण हिशेब मांडायचा झाला तर असा: वर्किंग्टनला त्याच्या हयातीत संघ मिळाला, विजेतेपद मिळालं, शिकलेली पोरं मिळाली. कार्डिफला पुतळा मिळाला.

मित्रांनो, खानदेश आज कार्डिफच्या जागी उभा आहे. आपली पोरं बाहेर जातात. विजय चौधरीही पुण्यात घडले. जाऊ द्या, जायलाच हवं. चांगली जोड, चांगली मॅट, चांगला वस्ताद जिथं असेल तिथं पहिलवान जाणार. कोल्हापूरला गेल्यावाचून बिराजदार झाले नसते. माझी तक्रार जाण्याबद्दल नाही. ती परत येण्याबद्दल आहे, आणि परत येणाऱ्याला आपण काय देतो याबद्दल.

काय देतो? स्टेशनवर हार, उघडी जीप, डीजे, चौकात पाच-पंचवीस फ्लेक्स. त्यावर पहिलवानाचा फोटो अंगठ्याएवढा आणि शुभेच्छुकांचे फोटो टोपलीएवढे. दुसऱ्या दिवशी फ्लेक्सचं कापड कांद्याच्या चाळीवर. पाच वर्षांनी तोच पहिलवान गुडघा धरून पतपेढीच्या दारात सुरक्षारक्षक म्हणून बसलेला दिसतो. माझ्या ओळखीचे असे आहेत. तुमच्याही असतील. जिल्ह्याकडून खेळलेली, राज्य स्पर्धेत पोहोचलेली ही माणसं. त्यांच्या डोक्यात ढाक आहे, कलाजंग आहे, एकेरी पटाला नेमकं कधी शिरायचं ती वेळ आहे. ती वेळ पुस्तकात लिहून देता येत नाही. अंगाला अंग लावूनच ती दुसऱ्याच्या अंगात उतरते. या माणसानं शिकवलं नाही तर त्याची विद्या त्याच्याबरोबर जाणार, आणि शेजारच्या गल्लीतला पोरगा मोबाइलवर इराणच्या पहिलवानाची कुस्ती बघून डाव शिकायचा प्रयत्न करणार.

आपल्याकडे तालमी होत्या. गावाच्या वेशीशी मारुतीचं देऊळ आणि त्याला लागून हौदा. माती चाळून त्यात काव, तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मुरवायची. पहाटे जोर-बैठका, संध्याकाळी लढत. वस्ताद म्हणजे गावातलाच एखादा उतारवयाचा पहिलवान. पगार नाही, धान्य-दुधाचा मान. ती व्यवस्था गावगाड्याबरोबर चालत होती, गावगाड्याबरोबर मोडली. तिच्यासाठी रडत बसण्यात अर्थ नाही, कारण तिच्यातही पुष्कळ पोरांना हौद्यात पाऊल ठेवायची परवानगी नव्हती, आणि मुलींना तर नव्हतीच. पण ती मोडल्यावर तिच्या जागी काय आलं? तालुक्याला क्रीडा संकुलाची इमारत आली. काही ठिकाणी मॅटही आली. गुंडाळी करून, कोपऱ्यात उभी, वर प्लॅस्टिक. इमारत आहे, मॅट आहे, माणूस नाही.

माणूस असला की काय होतं, ते बघायला लातूरलाही जायला नको. शेजारी नाशिकला विजेंदर सिंग नावाचे धावण्याचे प्रशिक्षक येऊन राहिले. डोंगरातल्या सावरपाड्याची कविता राऊत त्यांच्या हाताखाली पळायला लागली आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. मागून संजीवनी जाधव आली. सावरपाड्याच्या डोंगरात पळणाऱ्या मुली आधीही होत्या, पाणी आणायला रोज चढ-उतार करणाऱ्या. घड्याळ लावून उभा राहणारा माणूस आधी नव्हता. आपल्या साक्रीच्या डोंगरातल्या आणि शिरपूरच्या, यावल-चोपड्याच्या सातपुड्याकडच्या पाड्यांमध्ये अशा किती मुली आज रिकाम्या पायांनी शाळेत जात-येत असतील, याचा विचार करून पाहा.

शिकवणं ही वेगळी विद्या आहे, हेही मान्य करायला हवं. चांगला खेळणारा चांगला शिकवेलच असं नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत १९६१ पासून प्रशिक्षक तयार होत आहेत. तिथून एन.आय.एस. केलेला माणूस वजन कसं राखायचं, दुखापत कशी टाळायची, सोळा वर्षांच्या पोराला किती मेहनत द्यायची हे शास्त्रानं जाणतो. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि शेवटची कुस्ती गादीवर होते. तेव्हा नुसत्या मातीतल्या अनुभवावर भागणार नाही, गुणांचं गणित यायला हवं. आपल्या एखाद्या माजी पहिलवानाला पतियाळाला पाठवायचा खर्च किती? एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या मांडवापेक्षा नक्कीच कमी.

कोणी म्हणेल, पहिलवानांना खेळाडू आरक्षणातून नोकऱ्या मिळतात की. मिळतात, आणि मिळायलाच हव्यात. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं आणि १९५५ साली ते पोलीस दलात फौजदार म्हणून लागले. पोटाला नोकरी हवी. पण नोकरी लागली की आपण समजतो, याचं कल्याण झालं, विषय संपला. धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे. भुसावळला रेल्वे आहे, तिथं आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत. खेळाच्या जोरावर चिकटलेली माणसं या ठिकाणी वर्षानुवर्षं आहेत. त्यांच्या संध्याकाळचे दोन तास जिल्ह्याच्या पोरांना मिळावेत, अशी मागणी आपण कधी लेखी केली आहे का? विजय चौधरी आज अधिकारी आहेत, त्यांच्यावर वर्दीची जबाबदारी आहे. एकट्या त्यांच्याकडे बोट दाखवणं अन्याय होईल. पण वर्षातून काही दिवस ते खानदेशातल्या पोरांसमोर लंगोट लावून उभे राहतील अशी जागा, अशी तारीख आपण ठरवली तर ते नाही म्हणतील, असं मला वाटत नाही. ठरवायचं आपल्याला आहे.

आता माझी विनंती. आपल्या गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांची दंगल होते. हलगी वाजते, पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या आधी होतात, मग मोठी जोड. मोठ्या जोडीला बाहेरचे नामांकित पहिलवान येतात, इनाम घेतात आणि रातोरात गाडीनं निघून जातात. त्यांचा तो हक्कच आहे, त्यांनी घाम गाळलेला असतो. पण गावानं वर्गणी काढून जमवलेला सगळा पैसा एका दुपारीत खर्ची पडतो आणि रेवडीवर लढलेला पोरगा दुसऱ्या दिवशी कुणाकडे शिकायला जाणार, याची तजवीज कुणी करत नाही. जत्रा कमिटीनं त्या रकमेतला चौथा हिस्सा बाजूला काढावा. आसपासच्या चार-पाच गावांनी मिळून एक वस्ताद नेमावा, आपल्याच भागातला, खेळून झालेला. त्याला दरमहा ठरलेला पगार द्यावा, मानधन नाही, पगार. तालुका क्रीडा अधिकाऱ्यांना भेटून कोपऱ्यातली मॅट उघडायला लावावी. आणि हौद्यात, मॅटवर, मुलींसाठी वेगळी वेळ पहिल्या दिवसापासून ठेवावी, सहाव्या महिन्यापासून नव्हे.

हे शासनानं करावं, असं मलाही वाटतं, आणि त्यासाठी निवेदनं द्यायला मी तुमच्याबरोबर येईन. पण वर्किंग्टनच्या त्या क्लबानं सरकारची वाट पाहिली नव्हती. खाणकामगारांच्या गावानं एक माणूस ओळखला, त्याला काम दिलं, पगार दिला आणि त्याच्यावर विश्वास टाकला.

चैत्रातल्या जत्रांच्या बैठका लवकरच बसतील. तुमच्यातले बरेच जण त्या कमिट्यांवर आहेत. यंदाच्या बैठकीत वर्गणीचा आणि इनामाचा विषय निघाला की वस्तादाच्या पगाराचा विषय तुम्ही मांडा, आणि ठराव झाल्याशिवाय उठू नका.